सर्व्हर चालू, काम बंद

अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर असा धरणाच्या दिशेने जातो. या एका रस्त्यावर नाशिकच्या किती नोंदी साठतात, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे के.टी.एच.एम. महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय याच रस्त्यावर आहेत. रुग्णालये, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था, बँकांच्या शाखा, क्लासेस यांची तर रांगच आहे. रस्ता धरणाजवळ पोहोचतो तिथे, गोवर्धन शिवारात, १९८९ मध्ये सुरू झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे आहे. त्याचा विद्यार्थी गडचिरोलीत असतो, सिंधुदुर्गात असतो. विद्यापीठाची इमारत त्याने पाहिलेली असेलच असे नाही. प्रवेश, शुल्क, हॉल तिकीट, निकाल या सगळ्यासाठी त्याच्या हातात असतो फक्त मोबाइलचा पडदा.

त्या पडद्यामागे डेटाबेस सर्व्हर असतो. नोंदी जपणारा, विचारले की शोधून देणारा, नवी नोंद पक्की करून घेणारा. तो चालू आहे की नाही हे कसे ओळखायचे, हा प्रश्न वरवर पाहता चौथीच्या मुलानेही सोडवावा इतका सोपा आहे. प्रत्यक्षात चाळीस वर्षे संगणकशास्त्र त्याच्याशी झुंजते आहे आणि मोठमोठ्या संस्था त्यात अडखळल्या आहेत. या लेखात त्या सगळ्या उत्तरांकडे एकदा नीट पाहायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो: हे उत्तर यंत्राच्या खोलीत बसून मिळत नाही, ते खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने शोधावे लागते.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट अजून ताजी आहे. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया तोवर मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्या शहरी भागांपुरती होती. त्या वर्षी ती प्रथमच राज्यभर लागू झाली. १९ आणि २० मे रोजी विद्यार्थ्यांना सराव करायला दिला गेला. २१ मे रोजी खरी नोंदणी सुरू व्हायची होती, त्याच दिवशी पोर्टल कोलमडले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. पाच दिवस घरोघरी पालक आणि मुले पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. या घटनेतून एक गोष्ट लख्ख दिसते. रिकाम्या वेळी घेतलेली तपासणी गर्दीच्या वेळेबद्दल फारसे सांगत नाही. सरावाच्या दिवशी ‘चालू’ असलेली यंत्रणा आणि सगळा महाराष्ट्र एकाच तासाला दारात आल्यावर ‘चालू’ राहणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तपासणीचे प्रकार पाहू. सर्वांत जुनी आणि सर्वांत भाबडी तपासणी म्हणजे पिंग. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. एका यंत्राने दुसऱ्याला हाक द्यायची आणि ओ आली की समाधान मानायचे. पण ही ओ यंत्राकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी खालच्या थराकडून येते. डेटाबेस रात्रीच मरून पडला असला तरी पिंगला उत्तर मिळतच राहते. त्यापुढची पायरी म्हणजे प्रोसेस जिवंत आहे का ते पाहणे. तीही फसवी आहे, कारण अडकून बसलेली प्रोसेस यादीत जिवंतच दिसते. त्यापुढे पोर्ट उघडे आहे का ते तपासतात: मायएसक्यूएलसाठी ३३०६, पोस्टग्रेसक्यूएलसाठी ५४३२, ओरॅकलसाठी १५२१, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३. पोर्ट उघडे असणे म्हणजे दार लोटल्यावर हलले, एवढेच. आत कोणी आहे का, हे अजून कळलेले नसते.

डेटाबेस बनवणाऱ्यांनी यासाठी स्वतःची साधने दिली आहेत आणि त्यांच्या बारकाव्यांतच खरी गंमत दडली आहे. मायएसक्यूएलची ‘मायएसक्यूएलअ‍ॅडमिन पिंग’ ही आज्ञा सर्व्हरने पासवर्ड नाकारला तरी ‘चालू आहे’ असाच निकाल देते. तिचा तर्क बरोबर आहे: नाकारायला तरी कोणी जिवंत असावा लागतो. पण लॉगिनच होत नसेल तर त्या ‘चालू’चा लॅबमधल्या तंत्रज्ञाला काय उपयोग? ओरॅकलचे ‘टीएनएसपिंग’ तर फक्त लिसनरपर्यंत पोहोचते. लिसनर म्हणजे येणाऱ्याला आत सोडणारा दारावरचा कार्यक्रम. तो हसतमुखाने ‘ओके’ म्हणतो आणि त्याच वेळी आतला डेटाबेस बंद असू शकतो. नव्याने कामाला लागलेली कितीतरी मुले या ‘ओके’वर विसंबून तासन्‌तास नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतात. या तिघांत मला पोस्टग्रेसचे ‘पीजी-इज-रेडी’ प्रामाणिक वाटते. ते चार वेगवेगळी उत्तरे देते: जोडण्या स्वीकारतोय; जिवंत आहे पण अजून स्वीकारत नाही, उदाहरणार्थ नुकताच सुरू होतोय; उत्तरच येत नाही; आणि प्रश्न विचारताच आला नाही. शेवटचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘मला माहीत नाही’ हेही उत्तर असते आणि तपासणाऱ्याने ते ‘बंद’ किंवा ‘चालू’च्या खात्यात ढकलायचे नसते.

म्हणून अनुभवी माणसे खरी क्वेरी चालवतात. सर्व्हरला एक हा आकडा परत द्यायला सांगतात. ही तपासणी बरीच खोल जाते: लॉगिन होते, क्वेरी समजून घेतली जाते, उत्तर मिळते. तरीही ती अपुरीच. एक हा आकडा द्यायला डिस्कला हात लावावा लागत नाही. डिस्क भरून गेली असेल तर वाचन चालते आणि लेखन थांबते. मॅन्ड्रिल या ईमेल सेवेचे फेब्रुवारी २०१९ मध्ये काहीसे असेच झाले. पोस्टग्रेस प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देते. वेळच्या वेळी साफसफाई झाली नाही आणि क्रमांक संपत आले, तर जुन्या नोंदी सुरक्षित राहाव्यात म्हणून ते नवे लेखन नाकारते. सर्व्हर जिवंत, वाचन सुरू, पण नवे काही लिहिता येत नाही. शुल्क भरायला आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा सर्व्हर बंदच. तेव्हा तपासणीत एक छोटी नोंद लिहून ती परत वाचून पाहणे अपरिहार्य आहे. पर्कोना या कंपनीच्या साधनसंचातले ‘हार्टबीट’ हेच करते. मुख्य सर्व्हरवर ठरावीक अंतराने वेळेची नोंद लिहायची आणि प्रत असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर ती किती उशिरा पोहोचते ते मोजायचे. मायएसक्यूएल स्वतः सांगते तो ‘किती सेकंद मागे’ हा आकडा नेटवर्क संथ असताना शून्यही दाखवू शकतो, म्हणून ही वेगळी खटपट.

इथे नाशिककरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाघाटावर कोणी ‘नदी चालू आहे का’ असे विचारत नाही. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागले, कमरेपर्यंत आले, की गळ्याशी आले, असे विचारतात. डेटाबेसचीही पातळीच पाहायची असते. एकूण जोडण्यांपैकी किती वापरात आहेत? पोस्टग्रेसमध्ये मुळात १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ जोडण्यांची मर्यादा असते. ती भरली की सर्व्हर ठणठणीत असूनही नव्या माणसाला आत घेत नाही. डिस्क किती उरली? सर्वांत जुनी क्वेरी किती वेळ अडकून आहे? शेवटचा बॅकअप केव्हा झाला, आणि तो परत उतरवून कोणी पाहिला का? यातला प्रत्येक आकडा बंद पडण्याच्या कितीतरी आधी बोलू लागतो. माझ्या मते देखरेखीवरचा निम्मा खर्च इथेच व्हायला हवा. ‘बंद पडला’ हे तर ग्राहकही फोन करून सांगतो.

मग येतो या प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग. उत्तर आले नाही, तर सर्व्हर मेला की फक्त हळू झाला? मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक सिद्धान्त मांडला. निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याची कोणतीही हमी नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर सगळ्या यंत्रांचे एकमत दर वेळी होईलच अशी पद्धत रचता येत नाही. त्याच्या मुळाशी हेच आहे: गप्प बसलेला मेला आहे की उशीर करतोय, हे दुरून खात्रीने ओळखता येत नाही. पुढे तुषार चंद्रा आणि सॅम टूएग यांनी १९९६ च्या निबंधात वाट दाखवली. तपासणारा चुकू शकतो हे मान्य करा. त्याला संशय घेऊ द्या आणि उत्तर आले की संशय मागे घेऊ द्या. आज प्रत्येक देखरेख प्रणालीत ‘तीनदा उत्तर आले नाही तरच अलर्ट’ हा जो नियम असतो, त्यामागे हीच समज आहे.

घाईचा निर्णय किती महाग पडतो हे प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या गिटहब या सेवेने २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनुभवले. नेटवर्कमधला एक भाग बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने मुख्य डेटाबेस गेला असे समजून पश्चिम किनाऱ्यावरील प्रतींना मुख्य केले. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे वेगवेगळ्या नव्या नोंदी होत्या. त्या जुळवून सेवा पूर्ववत करायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंद थांबले असते तर? मागाहून हे म्हणणे सोपे आहे. पण ज्या संस्थेला पैशांच्या किंवा रुग्णांच्या नोंदी सांभाळायच्या आहेत, तिने आपोआप बदली करणाऱ्या यंत्रणेला किती वेळ थांबायला सांगायचे, हे आधी माणसांनी बसून ठरवायला हवे.

विचारपूस फुकट नसते, ही आणखी एक गोष्ट आपल्याकडे अलीकडेच साऱ्या देशाने अनुभवली. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय अडले. शनिवार होता, भाजीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत लोक मोबाइल हातात धरून उभे राहिले. राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, केलेल्या तपासात आढळले की काही बँकांकडून ‘या व्यवहाराचे काय झाले’ अशी चौकशी प्रचंड प्रमाणात होत होती, जुन्या व्यवहारांचीसुद्धा. चालू आहे का, झाले का, असे विचारणाऱ्यांच्या गर्दीने काम करणाऱ्याचाच श्वास कोंडला. त्यानंतर चौकशीवर बंधने आली: व्यवहारानंतर ठरावीक वेळ थांबायचे आणि एका व्यवहाराबद्दल दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा विचारायचे. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवरून खात्यातली शिल्लक पाहण्यालाही दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली.

छोट्या प्रमाणावर हेच कुठेही घडते. एखादा जुजबी तपासनीस मायएसक्यूएलचे पोर्ट दर काही सेकंदांनी उघडतो आणि ओळख न देताच निघून जातो. मायएसक्यूएल अशा अर्धवट जोडण्या मोजते आणि ओळीने शंभर झाल्या की त्या यंत्राला दारच बंद करते. मग तपासनीस सांगतो, सर्व्हर बंद आहे. बाकी सगळ्यांचे काम व्यवस्थित चाललेले असते.

उत्तर आले म्हणजे ते खऱ्या मालकाकडूनच आले, असेही नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ दरम्यान झालेल्या हल्ल्यात ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. एटीएममधून येणारी विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाऊन खात्यातली शिल्लक तपासली जायला हवी होती. हल्लेखोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला आणि तोच ‘मंजूर’ अशी उत्तरे देत राहिला. जगभरच्या एटीएमच्या दृष्टीने बँक चालू होती आणि उत्तरे तत्परतेने येत होती. मुख्य प्रणालीपर्यंत मात्र त्या विनंत्या पोहोचतच नव्हत्या. तेव्हापासून मला एक तपासणी अत्यावश्यक वाटते: बाहेर दिलेल्या मंजुऱ्या आणि आत झालेल्या नोंदी यांचा मेळ सतत घालत राहणे. हिशेबनीस ज्याला ताळमेळ म्हणतो, तीच देखरेखीची सर्वांत भरवशाची रीत आहे.

कधी याच्या उलट घडते. सर्व्हर धडधाकट असतो, वाट तोडलेली असते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्यावर एनपीसीआयने तिला देयक जाळ्यापासून अलग केले आणि तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे, त्यात सहकारी बँकाही आल्या, यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. १ ऑगस्टला जोडणी परत मिळाली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचा एका विभागातला पत्ताच इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतून (डीएनएस) पुसला गेला आणि जगभरची अ‍ॅप्स थबकली.

समजा तपासणी अचूक आहे. ती कोणाला सांगते? गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेची ३१ जानेवारी २०१७ ची घटना यासाठी प्रत्येक संगणक विभागात वाचली जावी. एका कर्मचाऱ्याने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला. बॅकअप पाहायला गेले, तर नेहमीचा बॅकअप अनेक दिवस होतच नव्हता, कारण तो घेणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे होते. अपयशाची ईमेल मात्र निघत होती; मेल सर्व्हर ती अनधिकृत समजून नाकारत होता. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती, म्हणून थोडक्यात निभावले. फेसबुक ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा दोष शोधायची त्यांची आतली साधनेही त्याच तुटलेल्या जाळ्यावर होती. पहारेकऱ्याला त्याच घरात कोंडून ठेवायचे नाही, एवढे यातून पक्के कळते. ज्या सर्व्हरवर, ज्या इंटरनेट लाइनवर, ज्या इन्व्हर्टरवर नोंदी आहेत, त्यांच्यावरच देखरेखही असेल, तर दोन्ही एकदमच गप्प होतील आणि शांतता म्हणजे सुखरूपता असा अर्थ निघेल. अलर्ट न येणे आणि ‘सगळे ठीक आहे’ असा निरोप रोज येणे यांत फार अंतर आहे.

साधनांबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण ती उत्तम आणि बहुतेक मोफत आहेत. १९९९ मध्ये नेटसेंट नावाने आलेले नागिऑस, २००१ मधले झॅबिक्स, २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेले प्रोमिथिअस. यांतले कोणतेही नीट लावले तर छोट्या-मध्यम संस्थेला पुरते. लावताना एकच खबरदारी. प्रोमिथिअसमध्ये ‘चालू’ दाखवणारे दोन वेगळे आकडे असतात, एक माहिती गोळा करणाऱ्या मध्यस्थाचा आणि एक डेटाबेसचा. पहिल्यावर अलर्ट लावून निश्चिंत झालेले लोक आहेत.

गंगापूर रोडवरच्या एखाद्या क्लासकडे किंवा दवाखान्याकडे यातले बहुधा काही नसते. त्यांच्याकडे असते एक छोटी स्क्रिप्ट: दर पाच मिनिटांनी पाहा, डेटाबेस बंद दिसला तर पुन्हा सुरू करा. मला या स्क्रिप्टविषयी काळजी वाटते. एक जीबी मेमरीच्या भाड्याच्या सर्व्हरवर मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जास्त जागा खाणारा कार्यक्रम ठार करते, आणि तो बहुतेकदा डेटाबेसच असतो. स्क्रिप्ट त्याला उठवते, तो पुन्हा मरतो, पुन्हा उठवला जातो. संकेतस्थळ दिवसभर सुरू दिसते. त्या पाच-पाच मिनिटांच्या फटीत आलेल्या रुग्णाची अपॉइंटमेंट नोंदली जात नाही आणि कोणालाच त्याचा पत्ता लागत नाही. आपोआप उठवायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी ठरवून दिलेल्या एका माणसाच्या फोनवर निरोप गेलाच पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी लॉग उघडून कारण शोधलेच पाहिजे.

नियमांची चौकटही हळूहळू तयार होते आहे. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार पातळ्यांची चौकट आणली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक केले. सेवा वारंवार बंद पडते म्हणून कारवाई होऊ शकते, हेही आपण पाहिले आहे. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे तात्पुरती थांबवायला सांगितली. त्याआधीच्या महिन्यात बँकेच्या डेटा सेंटरमध्ये वीज गेल्याने सेवा बंद पडली होती.

हाच न्याय सरकारी नोंदींना लागू व्हावा असे मला मनापासून वाटते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो. दस्तनोंदणी, दाखले, प्रवेश सगळे ऑनलाइन आहे, आणि ही सोय खरोखर मोठी आहे. प्रत्येक विभागाने दर महिन्याला सेवा किती वेळ बंद होती, किती वेळ इतकी संथ होती की काम पुरे झाले नाही, हे तारीखवार जाहीर करावे. मोजमाप डेटा सेंटरमध्ये नको. तालुक्याच्या ठिकाणच्या सेवा केंद्रातून, साध्या मोबाइल नेटवर्कवरून, एक संपूर्ण अर्ज भरून व्हावे. आणि मुदतवाढ त्या मोजमापाला आपोआप जोडलेली असावी, तिच्यासाठी निवेदने द्यायला लागू नयेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचा फोटो चढवावा लागतो. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत यंत्रणा दुपारी चार तास अडली, तर वाढ चार तासांची देऊन भागणार नाही, पूर्ण एक दिवस द्यावा लागेल. कारण दुपारी हात हलवत परतलेला शेतकरी त्या बांधावर पुन्हा उद्या सकाळीच जाणार असतो.